साहेब आले की नेट जाते

“नेट लय स्लो हाय, लवकर या,” असा फोन आला की मी आधी हातातला चहा संपवतो. हा आळस नाही, उपचाराचा भाग आहे. अर्ध्या तक्रारी एका कपात बऱ्या होतात. शेवटचा घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच दुसरा फोन येतो, “राहू द्या भाऊ, झालं चालू,” आणि त्याच्या मागून कोणीतरी विजयी आवाजात सांगत असतं, “मी म्हनलं नव्हतं, टेबलाले लाथ मारली का चालते?” उरलेल्या अर्ध्यांसाठी मात्र मोटरसायकलला किक मारावी लागते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या लहानसहान ऑफिसांचं नेट दुरुस्त करणं हा माझा धंदा. ऑफिस म्हणजे काय, तर चार-सहा कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर, भिंतीवर देवाची तसबीर आणि तसबिरीखाली खिळ्याला लटकवलेला, दिवे मिचकावणारा डबा. त्याचं नाव राउटर. काही ठिकाणी सकाळी देवाबरोबर या डब्यालाही उदबत्ती ओवाळली जाते. शहरातले वाचक हे वाचून हसतील, पण मी कधी हसलो नाही. जिथे उदबत्ती ओवाळतात तिथे निदान एक माणूस रोज एकदा त्या डब्याकडे बघतो. बाकीच्या ऑफिसांत त्याच्याकडे फक्त शिव्या घालण्यापुरतं बघतात.

आम्ही तांड्याची माणसं. माझे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य या मुलखातून त्या मुलखात न्यायचे. त्या वाहतुकीला लदेणी म्हणत. मी या धंद्यात पडलो तेव्हा माझ्या आईला, आमच्या बोलीत याडीला, कळेना की पोरगा दिवसभर करतो तरी काय. मी सांगितलं, “याडी, आपलाच जुना धंदा आहे. माल वाहायचा. फक्त बैल दिसत नाहीत.” ती म्हणाली, “मग वाटेत चोरही असतील.” जी गोष्ट कळायला मला पैसे भरून क्लास लावावा लागला, ती तिला बसल्या जागी कळली.

तर नेट म्हणजे लदेणी, एवढं धरून चला. तुम्ही एखादा अर्ज पाठवला की त्याच्या लहान लहान गोण्या होतात. एकेक गोणी एकेका बैलावर चढते आणि बैल निघतात. ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, घराला असतो तसा. आणि गावाबाहेर जाणारा सगळा माल ज्या एकाच वेशीतून जातो, त्या वेशीवर तो राउटरचा डबा बसलेला असतो. या वेशीचा नंबर बहुतेक ठिकाणी एक असतो. त्यात मोठेपणा काही नाही, नुसती वहिवाट आहे. पण हा आकडा ध्यानात ठेवा. पुढे हाच आकडा एका बाईच्या पोटावर पाय आणणार आहे.

माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न सोपा असतो, “इतक्यात काही बदललं का?” त्याचं उत्तरही ठरलेलं असतं, “काहीच नाही.”

पांढरकवड्याला हमरस्त्यावर एका ट्रान्सपोर्टवाल्याचं ऑफिस आहे. तिथे ऐन मे महिन्यात नेट मेलं. काय बदललं? काहीच नाही. आणि समोर कपाटाएवढा कुलर एक पाय नेटच्या वायरीवर ठेवून, पाणी ठिबकवत उभा. मी बोट दाखवलं. मालक शांतपणे म्हणाले, “हा नवा नाई हो. हा दरवर्षीचाच हाय.” या तर्कापुढे मी हात टेकले आणि मग ते हात लावून कुलर सरकवला.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका डाळमिलच्या मालकांनी राउटर चोरीला जाऊ नये म्हणून लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं आणि ऑफिसात नेट येत नाही म्हणून मला बोलावलं होतं. मी समजावलं की पत्र्यातून सिग्नल बाहेर येत नाही. त्यांनी तडजोड म्हणून कपाटाचं एक दार उघडं ठेवलं, आणि दार उघडं राहिलं म्हणून समोर राखणदार बसवला. आता नेट अडकलं की मालक आतून ओरडतात, “अबे बाजूले सरक, नेटच्या आड येऊन राह्यला.” तो बिचारा खुर्चीसकट सरकतो. कधीकधी त्यानं नेट येतंही, त्यामुळे माझ्या शास्त्रावरचा त्यांचा विश्वास फार वाढला आहे.

पण ज्या केससाठी मी आज लेखणी उचलली ती वेगळी आहे. राळेगावकडच्या एका गावात शेतमालाची खरेदी-विक्री संस्था आहे. नाव सांगत नाही, कारण तिथला चहा चांगला असतो आणि मला तो अजून प्यायचा आहे.

सोयाबीनचा हंगाम होता. सरकारी भावानं माल विकायचा तर आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. सातबारा, आधार, पासबुक दाखवायचं, मोबाइलवर आकडा येतो तो सांगायचा, अंगठा द्यायचा. हे सगळं करणारी संस्थेत एकच ऑपरेटर, शबाना. बाप इंजिन-पंपांचा मेकॅनिक, त्याच्याकडून तिनं दोन गोष्टी उचलल्या होत्या, यंत्राला न घाबरणं आणि गिऱ्हाइकाला न घाबरणं. बोटं झरझर चालायची आणि जीभ बोटांच्या पुढे. पण नोकरी कंत्राटी, म्हणजे संचालक मंडळाच्या मर्जीची.

संस्थेच्या सचिवांचा, वानखेड्यांचा, मला फोन आला. “जाधवभाऊ, नोंदणीची लाइन रस्त्यापर्यंत गेली हाय. लोक बोंबलून राह्यले. तुम्ही या आन् फक्त एवढं लिहून द्या, का नेट स्लो हाय का बाई स्लो हाय.”

मी म्हणालो, “नेट तपासता येते. बाई तपासाचं मशीन माह्याजवळ नाही.”

“तुम्ही लिहून त द्या. पुढं मंडळ पाहून घेईन.”

मी सकाळीच पोचलो. बघतो तर नेट सशासारखं पळतंय. शबानाच्या पडद्यावर पान उघडतंय, भरतंय, जातंय. लाइन मुंगीच्या नव्हे, चांगली माणसाच्या चालीनं पुढे सरकतेय.

“झालं,” शबाना म्हणाली. “तुमी आले का चालते चाचा. तुमचा फोटो फ्रेम करून लावू का इथं?”

वानखेड्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू निकाल लागलाच. नेट चांगलं, म्हणजे बाई वाईट. मी माझा ठरलेला प्रश्न टाकला. काही बदललं का? काहीच नाही. नवीन काही बसवलं का? काहीच नाही. हे ते बोलत असताना त्यांच्या डोक्यावरून एक कोरा करकरीत कॅमेरा माझ्याकडे बघत होता.

“मग हे काय?”

“हे कॅमेरे हायेत,” वानखेडे म्हणाले. “मले वाटलं तुम्ही नेटचं विचारून राह्यले.”

“चालू आहेत?”

“साहेब आले का चालू करतो. कॅमेऱ्याचा डबा त्यायच्या केबिनमधे हाय. साहेबच नसतीन त कॅमेऱ्यानं पाहून दाखवाचं कोनाले?”

चोरांसाठी नव्हे, अध्यक्षांसाठी बसवलेले कॅमेरे मी पहिल्यांदाच बघत होतो. मला हसू आलं, ते मी खोकल्यात लपवलं. मग वायरींची टोकं कापून नवी बसवली, डब्यावरची धूळ पुसली, आणि निघालो.

चार दिवसांनी पुन्हा फोन. दरम्यान संस्थेनं आपल्या परीनं उपचार केले होते. शबानाचं टेबल दक्षिणेकडून पूर्वेकडे फिरवलं होतं. नेटचा मोठा प्लॅन घेतला होता. एका संचालकांनी सुचवल्यावरून तिची गादीची खुर्ची काढून लाकडी दिली होती, म्हणजे झोप येणार नाही. मी सकाळी पोचलो आणि नेट पुन्हा सशासारखं पळत होतं. डॉक्टर दारात आला की दुखणं मागच्या दारानं पळतं, तसली गत.

मी समोरच्या टपरीवर चहाला गेलो. मागून शबाना आली. ओढणी डोक्यावरून सारखी करून तिनं इकडे तिकडे बघितलं.

“एक बात बोलू चाचा? कोनाले सांगसान त नाई ना?”

“बोल.”

“साहेब आले की नेट जाते.”

मी कप खाली ठेवला.

“झूट नाई बोलत. रोज पाह्यते मी. गाडीचा आवाज आला, का थोड्या वेळात पान अर्ध्यात अटकलं. साहेब घरी गेले, का सुरू. साहेब येतात दुपारी आन् तुमी येता सकाळी. तुमाले कसं दिसीन?”

“मग वानखेड्याले काहून नाही सांगितलं?”

“काय सांगू? अध्यक्षाले पनवती म्हनू? त्याच दिवशी घरी पाठवतीन. तशेबी पाठवूनच राह्यले. शुक्रवारी मीटिंग हाय, त्याच्यात माहा विषय घेतला. साहेब म्हनतात मी कॅमेऱ्यात पाह्यतो, बाई नुसती हात बांधून बसून राह्यते. बसनार नाई त काय करू? पान उघडत नाई त पडद्यावर कशिदा काढू?”

मग आवाज खाली आणून म्हणाली, “अब्बाले आता दिसत नाई बराबर. इंजिन खोलता येत नाई त्यायले. सायकलनं येऊन घरी परत जाता येते अशी ही एकच नोकरी हाय, चाचा. ही गेली त यवतमाळले खोली करून राहा लागीन. आन् अब्बाले कोन पाहीन?”

मी शुक्रवारी दुपारी कोणी न बोलावता जाऊन बसलो.

आता अध्यक्षांची ओळख करून देतो. बापूसाहेब माणूस वाईट नाही. पण पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली बैलजोडी जाते ती त्यांच्या घरची. मानाची जोडी. ती पुढे गेल्याशिवाय गावातला दुसरा बैल पाऊल टाकत नाही. गावातले टवाळ म्हणतात की त्या जोडीला वर्षभर कोणी औताला जुंपत नाही, कारण मान वाहून वाहूनच ती थकलेली असते. लग्नात पहिली पंगत, सभेत पहिली खुर्ची, आणि रस्त्याच्या भूमिपूजनाला पहिली कुदळ. ज्या घरात पिढ्यानपिढ्या पहिलेपणच पिकतं, त्या घरातला हा माणूस.

मी शबानाच्या शेजारी बसलो होतो. नोंदणी जोरात चालू होती. बाहेर हॉर्न वाजला. वानखेडे उठले आणि असे धावले की त्यांची एक चप्पल टेबलाखालीच राहिली. केबिनचं कुलूप निघालं, पंखा लागला, आणि मग आत काहीतरी टिंग करून वाजलं. बापूसाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आमच्या समोरून गेले. मी नमस्कार केला, तो त्यांनी स्वीकारला.

“घ्या,” शबाना ओठ न हलवता म्हणाली, “आले.”

पडद्यावरचं पान थबकलं. मधोमध एक चकरी फिरायला लागली. शबानानं हात मांडीवर ठेवले.

खुर्चीवर बसलेले म्हातारेबुवा पडद्याकडे वाकून बघू लागले. “पोरी, हे काहून फिरून राह्यलं?”

“विचार करून राह्यलं आजोबा.”

“मंग करू दे. आमच्या पोरापेक्षा बरं हाय. तो करतच नाई.”

मी कॉम्प्युटर माझ्याकडे ओढला आणि वेशीचा नंबर टाकला. तो टाकला की राउटरचं स्वतःचं पान उघडतं. मी असंख्य वेळा उघडलेलं, ओळखीचं. पण ते उघडलं नाही. त्याच्या जागी कॅमेऱ्याचं चित्र आलं आणि खाली लिहिलेलं, नाव टाका, पासवर्ड टाका. मी पुन्हा उघडलं. आता राउटर. पुन्हा. कॅमेरा.

आयुष्यात काही क्षण असे येतात की माणसाला उठून नाचावंसं वाटतं. मी फक्त म्हातारेबुवांच्या पाठीवर थाप मारली. ते म्हणाले, “झालं का?” मी म्हणालो, “सापडलं.”

एका गावात एकाच नंबरची दोन घरं झाली होती. वेशीचा नंबर एक, आणि बापूसाहेबांच्या केबिनमधल्या कॅमेऱ्याच्या डब्याचा नंबरही एक. तो डबा चालू झाला की शबानाच्या मालाचे अर्धे बैल वेशीकडे जात आणि अर्धे केबिनमध्ये शिरत. केबिनला दुसरं दार नाही. बैल आत जाऊन भिंतीला नाक लावून उभे राहत. बाहेर लोक म्हणत, बाई स्लो आहे.

मी वानखेड्यांना बाजूला घेतलं. “कॅमेऱ्याच्या डब्याला एक नंबर कोणी दिला?”

“मी,” ते अभिमानानं म्हणाले. “कॅमेरेवाल्यानं विचारलं, नंबर कोन्ता टाकू. मी म्हनलं, साहेबाच्या केबिनचा डबा हाय, एक टाक. आता का साहेबाले अठरावा नंबर देऊ? चपराश्याच्या प्रिंटरच्या मांगं?”

“पण एक नंबर राउटरचा होता ना, वानखेडेसाहेब.”

“तो त डबा हाय,” वानखेडे म्हणाले.



आणि आत काय चाललं होतं? आत बापूसाहेब मोठ्या पडद्यावर शबानाला बघत होते. ती हात मांडीवर ठेवून बसलेली, चकरी फिरतेय, लाइन खोळंबलीय. ते रोज हेच बघत. तो डबा चालू केला की तिचं काम थांबायचं, आणि तिचं काम थांबलेलं दिसावं म्हणून तो डबा चालू व्हायचा. कामचुकारपणा पकडायला लावलेलं यंत्रच कामचुकारपणा तयार करत होतं, आणि तोही स्वच्छ रंगीत चित्रासकट. असा पुरावा मोडून काढणं अवघड असतं.

दुरुस्ती म्हणाल तर दोन मिनिटांची. कॅमेऱ्याच्या डब्याचा नंबर बदलला की झालं.

“चुपचाप करून टाका ना चाचा,” शबाना कुजबुजली. “साहेबाचं नाव नका घेऊ.”

“चुपचाप केलं तर ते म्हणतील, मीटिंगमधे विषय घेतला म्हणून बाई सुधारली. पुढच्या हंगामात चकरी फिरली का पुन्हा तुह्याच मागं लागतील. नाव घ्यावंच लागेल. पण असं घेतो, का त्यांना वाटलं पाहिजे आपला सत्कार होऊन राह्यला.”

“बिघडलं त?”

“बिघडलं तर मी काय, पांढरकवड्याले कुलर सरकवीन. तुझं बिघडलेलंच आहे.”

मीटिंगमध्ये मी वानखेड्यांच्या मागोमाग शिरलो. संचालक चिवड्याच्या बशा पुढे घेऊन बसले होते. ऑपरेटरच्या कामाचा विषय निघाला तसे बापूसाहेब माझ्याकडे वळले.

“सांग बाप्पा जाधव. मी माह्या डोयानं पाह्यलं हाय, बाई नुसती बसून राह्यते. नेटचा दोष हाय का तिचा?”

मी घसा साफ केला. हात जोडले. नाटकात राजाला वाईट बातमी सांगणारा दूत उभा राहतो तसा उभा राहिलो.

“बापूसाहेब, दोष नेटचा नाही आणि बाईचाही नाही. दोष मानाचा आहे.”

चिवडा चावण्याचा आवाज थांबला.

“या संस्थेतून जेवढा माल नेटवर बाहेर जायले निघतो, तो वेशीवर जातच नाही. तुमच्या केबिनमधे येऊन उभा राहतो. तुमच्या डब्याचा नंबर एक आहे. वेशीचाही एक. आता बैलानं कोणाकडं जावं? त्याले एकच माहीत, एक नंबर म्हणजे बापूसाहेब.”

वानखेड्यांचा चेहरा ओल्या वातीसारखा झाला. ना पेटला, ना विझला. संचालक अध्यक्षांच्या तोंडाकडे बघू लागले, कारण आपल्याला राग आला आहे की नाही हे त्यांना तिथूनच कळायचं होतं.

बापूसाहेबांनी चिवड्याची बशी बाजूला सारली. मग हळू आवाजात म्हणाले, “म्हंजे, सरकारची वेबसाइट सोडून थे माह्याकडं येते?”

“येते.”

“आपून बोलावलं नाई तरी?”

“नाही बोलावलं तरी.”

त्यांनी पाठ खुर्चीला टेकली आणि एकेका संचालकाकडे सावकाश बघितलं. “पाह्यलं?”

मी संधी सोडली नाही. म्हणालो, दाखवतो. सगळं मंडळ उठवून शबानाच्या टेबलामागे उभं केलं. वानखेड्यांना केबिनच्या दारात ठेवलं. “बंद करा.” डबा बंद झाला आणि थोड्याच वेळात पान उघडलं. शबानानं म्हाताऱ्याचं अर्धं राहिलेलं नाव भरून पाठवून दिलं. “चालू करा.” डबा टिंग वाजला, चकरी फिरू लागली.

“फिरून एकदा,” बापूसाहेब म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

“फिरून.”

आता लाइनीतली माणसंही वाकून बघायला लागली. बंद, चालू, बंद. बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर असं तेज चढत गेलं की मी तोरण बांधायला विसरलो असं मला वाटलं. शेवटी आमचे म्हातारेबुवाच म्हणाले, “साहेब, आता बंदच राहू द्या. मले संध्याकायची यष्टी हाय.”

एका संचालकांनी विचारलं, “मंग या बाईचं काय करावं?”

“बाईचं काय करावं म्हंजे?” बापूसाहेब त्यांच्यावरच उखडले. “अरे, नेट माह्या केबिनमधे येऊन बसलं, त बाई कुठून आनीन? खोडा तो विषय.”

विषय खोडला गेला. शबानानं मान वर केली नाही, फक्त मांडीवरचे हात कळफलकावर ठेवले.

पण खेळ संपला नव्हता. मी म्हणालो, आता कॅमेऱ्याच्या डब्याला दुसरा नंबर देतो.

“आन् एक नंबर कोनाले?”

“राउटरला. आधी होता तसा.”

बापूसाहेबांनी तसबिरीखाली लटकणाऱ्या त्या धुळकट, जुनाट डब्याकडे बघितलं. “याले?”

त्या एका शब्दात मला कळलं की शास्त्र इथे संपतं. मी विचार केला, पाटील हलत नाहीत तर वेस हलवावी. म्हणालो, “राहू द्या साहेब. एक तुमच्याकडंच ठेवा. राउटरला दोनशे चौपन्न देतो.”

“थो एकदम मांगं येते ना?”

“एकदम मागं. त्याच्यामागं यंत्राले द्याले नंबरच नाही.”

“मंग ठीक हाय,” बापूसाहेब म्हणाले आणि चिवड्याकडे परतले.

मी राउटरला शेवटचा नंबर दिला, सगळ्या कॉम्प्युटरांना वेस कुठे गेली ते सांगितलं, आणि माल वाहू लागला. आजही वाहतो. बापूसाहेब केबिनमध्ये बसतात, कॅमेरे चालू असतात, आणि मोठ्या पडद्यावर शबानाची बोटं सरसर पळताना दिसतात. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना ते ती दाखवतात आणि म्हणतात, “कॅमेरे लावल्यापासून बाईच्या हाताले वेग आला.” वानखेडे मान डोलावतात. दोष साहेबांनीच शोधला, असं ते आता तालुकाभर सांगतात, आणि एका अर्थानं ते खोटंही नाही.

या केसची मी मित्रमंडळीत पुष्कळ फुशारकी मारली आहे. अभिनय करून दाखवतो, वानखेड्यांच्या चपलेसकट. पण एक गोष्ट मनात राहते. त्या दिवशी एवढी मंडळी टेबलाभोवती उभी होती, त्यातल्या एकानंही त्या पोरीकडे बघून म्हटलं नाही, की बाई, आमचं चुकलं. लाकडी खुर्चीसुद्धा कोणी बदलली नाही. ती शेवटी तिनं स्वतःच एक दिवस आतल्या खोलीतून ओढत आणली. खरं तर मी दारातच एका वाक्यात सांगू शकलो असतो, की नंबर चुकला, बाईचा दोष नाही. पण साधं खरं त्या खोलीत उभं राहिलं नसतं. त्याला फेटा बांधून मिरवत न्यावं लागलं. इतक्या वर्षांत मी वायरीपेक्षा फेटेच जास्त बांधले आहेत, आणि त्याची मजुरी कोणत्याही बिलात लावता येत नाही.

त्या संध्याकाळी मी पिशवी आवरत होतो. लाइन निम्म्यावर आली होती. म्हातारेबुवा एसटीच्या वेळेत निघून गेले होते. शबाना पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “चाचा, माह्या कॉम्प्युटरचा नंबर कोन्ता हाय?”

“सतरा.”

“थो कोनाले पायजे त नाई ना?”

“सतरा? नाही. तो कोणालेच नको असते.”

“मंग बरं हाय,” ती म्हणाली आणि लाइनीकडे मान वळवली. “चला, पुढचे या. अंगठा पुसून ठेवा.”